हळदीचं सूत आणि साठ व्होल्ट

माझा पोटापाण्याचा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा आहे. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. पोरं-पोरी मान मोडून काहीतरी बनवतात, आणि मी सकाळी डबा घेऊन जाते, त्यात कुठं काय बिघडलंय ते शोधते आणि संध्याकाळी घरी येते. त्यामुळे ऑफिसात माझ्याशेजारी जेवायला बसण्याची कुणाला फारशी घाई नसते. कामामुळे स्वभाव असा झाला की स्वभावामुळे काम मिळालं, ते मला ठाऊक नाही. आई असताना म्हणायची, हिला चंद्र दाखवला तर ही आधी त्यावरचा डाग पाहील.

अशा बाईनं मागच्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं एक वस्तू बनवली, आणि तिच्यातली चूक काही केल्या तिला सापडेना.

वस्तू म्हणजे हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि तोही व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओच्या पोटात काचेच्या लहान बाटल्या असायच्या आणि रेडिओ लावला की त्या हळूहळू लाल व्हायच्या, ते व्हॉल्व्ह. आता तेच काम नखावर मावेल एवढ्या चिपमध्ये होतं, आणि कमी तापून होतं. पण एकदा इंटरनेटवर कुणीतरी घरी बनवलेल्या अशा अ‍ॅम्प्लिफायरचा फोटो टाकला होता, तो मी पाहिला आणि माझ्या डोक्यातून तो जाईना. हौस माझी होती हे आधीच सांगून टाकते. निमित्त मात्र बाबांचं झालं.

बाबा विणकराच्या घरातले. लहानपण उमरेडला हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेलं, आणि तरुणपणी ते नागपुरात येऊन पॉवरलूमवर लागले. त्या खटखटाटात त्यांचे कान गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे बारीक आवाज गेलेत, खालचे जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत आहेत. कानाचं मशीन घेतलं. ते शिट्ट्या मारतं म्हणून बाबांनी ते डबीत ठेवलं आणि डबी देवघरात ठेवली. तेव्हापासून कुणी काहीही विचारलं की ते "हो, हो" म्हणतात. एकदा शेजारच्यांचं घर शोधत काही पाहुणे आमच्या दारात आले. हेच घर का, असं त्यांनी विचारलं. बाबा "हो, हो" म्हणाले, त्यांना आत बसवलं आणि मला चहा टाकायला सांगितलं. मंडळी मुलगी पाहायला आली होती. मी चाळिशी केव्हाच ओलांडलेली, नोकरीवरून नुकतीच आलेली, हातात ट्रे घेऊन बाहेर आले. पुढचं सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र बाबांना "हो, हो" म्हणावं लागत नसे. आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या मंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ बसतं. बाबा तिथं खंजिरी वाजवतात. तरुणपणापासून तेच वाजवत आले आहेत, आणि बाकीची मंडळीही तेव्हापासूनचीच, फक्त आता सगळ्यांचे गुडघे दुखतात. पेटीवाले काका, झांजवाले, गाणारे दोघं. आई गेल्यावर बाबा घराबाहेर पडत ते फक्त या गुरुवारसाठी. आठवड्यात इतर दिवशी ते किती वाजता उठतात यावर त्यांचं लक्ष नसे, पण गुरुवारी दुपारपासून धुतलेला सदरा खुंटीवर लागलेला असे.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते एका गुरुवारी घरी आले आणि चप्पल न काढताच बोलायला लागले.

"मंडळ ढिलं पडलं आता. कोनाचा ठेकाच राह्यला नाई. सारे मरगळल्यावानी गाऊन राहिले."

"कोन चुकते बाबा?" मी कानाशी जाऊन ओरडले.

"तेच तर समजून नाई राह्यलं. झांजवाला असंन. नाई तं पेटीवाला. उमर झाली न त्याची."

पेटीवाले काका बाबांपेक्षा लहान आहेत. मी ते बोलले नाही. पण पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मग एक दिवस ते म्हणाले, "सोडतो मी आता मंडळ. मले नाई पटत असं ढिलं काम." आणि हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, शांतपणे म्हटलं, म्हणून मी घाबरले. बाबा रागावले की त्याचं काही नसतं, चहा झाला की उतरतो. शांतपणे बोलले की ते तसंच करतात. पॉवरलूमची नोकरी त्यांनी अशीच सोडली होती. मंडळ सुटलं असतं तर हा माणूस दिवसभर खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत "हो, हो" म्हणत राहिला असता, आणि मी संध्याकाळी मिहानहून येऊन त्या "हो"ला उत्तरं देत राहिले असते. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, असं हवेत बोलू नका, मी रेकॉर्डिंग करते, तुम्ही ऐका, कोण चुकतं ते पाहा, मग सोडायचं तर सोडा. त्या गुरुवारी मी सोबत गेले आणि पेटीजवळ फोन ठेवून सगळं भजन रेकॉर्ड केलं. मला तालाचं काही कळत नाही. मला तर सगळं छानच वाटलं. घरी येऊन फोन बाबांच्या कानाला लावला, तर ते म्हणाले, पत्र्यावर गहू सांडल्यावानी आवाज येते. माझे चांगले मोठे हेडफोन लावून पाहिले, पण ते चालवायचा जोर फोनच्या अंगात नव्हता. आवाज यायचा तो दूरच्या खोलीतून आल्यासारखा.

"साफ ऐकव मले," बाबा म्हणाले. "कोन चुकते ते सांगतो आन् मंग सोडतो. तोवर जात नाई."

आणि खरंच गेले नाहीत. खंजिरी खिळ्याला लटकली. पेटीवाले काका एकदा विचारायला येऊन गेले, तेव्हा बाबा बाथरूममध्ये जाऊन बसले. अ‍ॅम्प्लिफायर आता नुसती माझी हौस राहिली नव्हती.

ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, रेझिस्टर असं सामान बर्डीच्या बाजारातून थोडं आणि कुरिअरनं थोडं आलं. खोकं म्हणून आईचा शंकरपाळ्यांचा स्टीलचा चौकोनी डबा घेतला. त्याला भोकं पाडता पाडता ड्रिलची पाती गेली आणि माझी शुद्ध भाषाही गेली. बाबा शेजारी बसून पाहत असत. मी सोल्डरिंग करत असताना धुराकडे पाहून एकदा म्हणाले, "बरं जमून राह्यलं वं तुले." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाकडे पाहून असं म्हटलं असेल. सॉफ्टवेअर तपासणं म्हणजे काय, हे मी त्यांना कधीच समजावू शकले नव्हते.

जोडणी सोपी होती. दोन कानांसाठी दोन सारख्या बाजू, प्रत्येकीत एक व्हॉल्व्ह. दोघींना वीज पुरवणारा भाग एकच. डाव्या बाजूची परतीची तार, उजव्या बाजूची परतीची तार आणि वीजपुरवठ्याची परतीची तार, अशा तिन्हींच्या टोकांना गोल कड्या लावून त्या डब्याच्या मधोमध एका प्लॅस्टिकच्या बोल्टवर एकावर एक बसवायच्या आणि वरून तसाच नट कसायचा. याला ग्राउंड म्हणतात. सगळ्या सर्किटचं शून्य तिथं असतं. घरात पिवळी वायर पडलेली होती, म्हणून या तारांसाठी मी तीच वापरली. त्या पिवळ्या वायरनं पुढं माझी काय फजिती केली, ते येतंच आहे.

चालू करायच्या आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, पूजा केल्याशिवाय लावायचं नाही. मी म्हटलं, करा. मी स्वयंपाकघरात होते, त्यांनी आत त्यांचं त्यांचं काही केलं. मी बाहेर आले तर डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट आणि एक फूल होतं. सकाळी ऑफिसच्या घाईत मी तो अजून सैल असलेला मधला नट कसून टाकला, झाकण लावलं आणि संध्याकाळची वाट पाहत दिवस काढला.

संध्याकाळी बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग दोन्ही काचांच्या आत, अगदी मधोमध, एक बारीक नारिंगी रेघ उमटली आणि ती हळूहळू भरत गेली. बाबा खुर्ची ओढून जवळ आले आणि दोघंही आम्ही नुसते पाहत बसलो. मी पुस्तकात वाचलेलं होतं. मधला तो तापलेला भाग, कॅथोड, इलेक्ट्रॉन सोडतो. भोवतीची पत्र्याची नळी, तिला प्लेट म्हणतात, ती त्यांना ओढून घेते. मधे काहीच नसतं, हवासुद्धा काढून टाकलेली असते. गाणं त्या रिकाम्या जागेतून पलीकडे जातं. वाचताना हे एक वाक्य होतं. डोळ्यांसमोर पाहताना माझ्या अंगावर काटा आला. काचेच्या आत काहीच नाही आणि त्या काहीच नाहीमधून माझ्या बापाची खंजिरी जाणार होती.

पण हेडफोन लावण्याआधी झाकण काढून व्होल्टेज मोजावं लागतं. प्लेटवर दीडशेच्या आसपास, कॅथोडवर दोन, असे आकडे यायला हवे होते. दोनशे व्होल्टच्या गोष्टीत हात घालताना एक हात पाठीमागे ठेवायचा असा नियम आहे. म्हणजे चुकून धक्का बसला तरी वीज एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जात नाही. त्यामुळे मी शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी एक हात मागे घेऊन वाकले होते. मीटरची काळी वायर डब्याला चिमटा लावून अडकवली, लाल सुई प्लेटला लावली. एकशे नव्वद. कॅथोडला लावली. साठ.

जिथं दोन यायचे तिथं साठ. आणि तेही स्थिर नाही. साठ, बावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. मी घाईनं बटण बंद केलं.

"झालं का?" बाबांनी विचारलं.

"नाई बाबा."

"हो, हो," बाबा म्हणाले आणि हेडफोनकडे हात केला.

पहिला संशय मी विजेवर घेतला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर सुरू असतात आणि दिव्यांचं तोंड उतरलेलं असतं. मी घरातला कूलर बंद केला. बाबा घामानं भिजून "काहून बंद केला वं कूलर?" म्हणत बसले. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, शेजारच्यांचा कूलर कधी बंद होतो यावर कान ठेवून मोजलं. साठच. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग मी व्हॉल्व्ह अदलाबदल केले. साठ. मग रेझिस्टर एकेक काढून तपासले, बरोबर असलेले दोन रागानं बदलले. साठ. एकदा पासष्ट झाले, तर मला त्यातही काहीतरी हालचाल झाल्याचं समाधान वाटलं, इतकी मी खाली आले होते.

एक गुरुवार गेला. बाबा दुपारी उठून खुंटीकडे गेले, सदरा हातात घेतला, परत लावला.

मग रविवारी सकाळी, चहा पीत डब्याकडे पाहत असताना, मला स्वतःचाच धंदा आठवला. ऑफिसात नवीन पोरांना मी एकच गोष्ट घोकवून शिकवते. एक पान बिघडलं तर त्या पानात शोधा, सगळी पानं सारखीच बिघडली तर त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा. आणि इथं मी इतके दिवस डाव्या बाजूत शोधत होते, मग उजव्या बाजूत शोधत होते. दोन्ही बाजू सारख्याच चुकत होत्या. इतक्या सारख्या की डावीचा आकडा हलला की उजवीचाही हलायचा. दोन वेगळे व्हॉल्व्ह, वेगळे रेझिस्टर, वेगळ्या तारा, एकाच वेळी एकसारखे कसे चुकतील? त्या दोघी चुकत नव्हत्याच. त्यांचं शून्य जागेवर नव्हतं. त्या जिथं पाय टेकवून उभ्या होत्या ती जमीनच साठ व्होल्ट वर उचलली गेली होती.

मी कप तिथंच ठेवला. प्लग काढला, आत साठलेली वीज उतरायला वेळ दिला. बंद केल्यावरही ती आत काही वेळ दबा धरून बसते, हे मला त्या दिवसांत कळलेलं आणि त्याचीही धास्ती बसलेली. मग मधल्या बोल्टवरच्या कड्यांमध्ये मीटर लावला. तिन्ही कड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, तिथं काहीच अडथळा दिसायला नको. मीटरचा आकडा वेड्यासारखा नाचला. बोटानं दाबलं की कमी, सोडलं की जास्त. नट सोडला, वरच्या दोन कड्या उचलल्या. खालच्या कडीवर, बोल्टाला तीन वेढे घेऊन, नीट गाठ मारलेला एक पिवळा धागा होता.

हळदीत भिजवून वाळवलेलं कच्चं सूत. पिवळ्या वायरींच्या गर्दीत ते मला दिसलंच नव्हतं. खालची कडी वीजपुरवठ्याची, वरच्या दोन डाव्या-उजव्या बाजूंच्या. मधे सूत. मी वरून नट कसला तेव्हा कड्या सुतावर बसल्या, धातूवर नाही.

"बाबा!" मी इतकी ओरडले की त्यांना खरंच ऐकू गेलं. "हे कोनी बांधलं?"

ते जवळ आले, वाकून पाहिलं आणि चेहरा खुलला. "म्याच बांधलं न. नव्या मागाले बांधतेत नाई का, पाय ठेवायच्या आंधी. माया बापानं बी बांधलं होतं. मधच्या खांबाले बांधा लागते, कोनाले दिसू नाई असं. हाच दिसला मले मधचा खांब."

मला हसावं की रडावं कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं, आणि कळसा माझ्या बापानंच ठेवला होता. पण माझा राग आला तसा गेला. खरं सांगते, मी थक्क झाले होते. या माणसाला सर्किटमधलं ओ की ठो कळत नाही. आणि इतक्या तारा, इतक्या वस्तू असलेल्या डब्यात त्यांनी बरोबर ती एक जागा निवडली होती जिच्यावर सगळं उभं होतं. विणकराच्या डोळ्याला मधला खांब दिसला. आणि दुसरीकडे, नटाखाली दबलेला एक सुताचा वेढा दोनशे व्होल्टला अडवून बसला होता. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे सूत विणलं गेलं, त्याचा एवढा जोर मी कधी पाहिला नव्हता.

त्यांना समजावणं कठीण होतं, म्हणून मी फक्त म्हटलं, "बाबा, आतून नाई, बाहेरून बांधू. इथं ते विजेले जाऊ नाई देऊन राह्यलं."

"असं का," ते म्हणाले. वाईट वाटलं नाही त्यांना. स्वतःच्या हातानं त्यांनी गाठ सोडवली, नखानं, न तोडता, आणि ते सूत बाहेरून झाकणाच्या मुठीला बांधलं. मी कड्या घासून साफ केल्या, नट कसला, बटण दाबलं, हात पाठीमागे घेतला. कॅथोड. दोन. लाल सुई उजवीकडे. दोन. मी कितीतरी वेळ तो दोनचा आकडा पाहत राहिले. इतका स्थिर होता तो.

त्याच दुपारी मी बाबांना खुर्चीवर बसवलं, हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवले आणि त्या गुरुवारचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज मी हळूच वाढवला. एका जागी पोचल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात वर केला, मला थांबवायला, आणि मग डोळे मिटून घेतले. मांडीवर उजव्या हाताची बोटं पडायला लागली. ते हसले. "पेटी ऐकू येऊन राहिली," ते मोठ्यानं म्हणाले, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यावर माणसं बोलतात तसं. "साफ! गळ्यातला श्वासही ऐकू येते वं!" कितीतरी वर्षांनी हा माणूस ऐकत होता, आणि मी त्याच्यासमोर उभी होते.

मग त्यांनी चूक शोधायला सुरुवात केली. एक बोट वर करून बसले, चोराला पकडायच्या तयारीत. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. बोट हळूहळू खाली आलं. "मांगं घे," ते म्हणाले. मी मागे घेतलं. परत ऐकलं. "अजून एकदा." परत. मांडीवरची बोटं थांबली होती. पुढचं भजन लावायला सांगितलं, त्यातलंही दुसरं कडवं परत परत लावायला लावलं. मग त्यांनी हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले.

"कोन चुकते?" मी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"दुसऱ्या कडव्यात हात मांगं पडते माया. दर टायमाले. आन् मी पडलो का..." ते थांबले. "ऐक तू. मी मांगं पडलो का झांजवाला थांबते. पेटीवाला सूर धरून ठेवते, सोडत नाई. तो गानारा शब्द लांबवते. मी येऊन मिळालो का मंग सारे निंगतेत. एक जन नाई चुकला त्याईच्यातला. एक बी नाई. मले घेऊन चालून राहिले सारे, आन् मी म्हनत होतो मंडळ ढिलं पडलं."

मी हेडफोन लावून ऐकलं. सांगितल्यावर मलाही ते ऐकू आलं, इतकं स्पष्ट की आधी कसं नाही आलं याचं नवल वाटलं. खंजिरी जराशी रेंगाळते. आणि त्याच क्षणी, कुणी कुणाला खूण न करता, बाकीची सगळी म्हातारी माणसं एकदम हळू होतात. कुणी पुढे जात नाही. कुणी ओढत नाही. ताल सगळ्यांना येतो, आणि सगळे तो मोडतात, एकाच वेळी, एकाच मापानं, आणि पुन्हा उचलतात. माझा जन्म चुका शोधण्यात गेला. चूक झाकण्यासाठी इतकी माणसं इतक्या नेमकेपणानं एकत्र आलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही, बाबा पाहत असूनही.

"कवापासून चाललं असंन हे," बाबा म्हणाले. जेवताना मी विचारलं, वरण वाढू? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पहिल्यांदाच "हो" म्हटलं नाही.

गुरुवार आला. बाबांनी दुपारीच सदरा घातला. मीही ऑफिसातून लवकर निघाले, मला राहवलं नाही. मंदिरात मंडळी सतरंजीवर बसली होती. बाबांना पाहून पेटीवाले काका सरकले आणि त्यांची नेहमीची जागा मोकळी करून दिली, जणू ते मागच्या गुरुवारीच येऊन गेले होते. कुणी काही विचारलं नाही. बाबा बसले, खंजिरी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आज मी तुमच्या मांगं येतो. तुमी चाला पुढं. मी पाहून वाजवतो."

पेटीवाले काकांनी पेटीचा भाता उघडला, बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि बाबांना ऐकू जावं म्हणून वाकून जवळ गेले.

"काहून गा? आमाले तुया मांगंच जाता येते."

सगळे हसले, बाबाही हसले. भजन सुरू झालं. बाबा मान उचलून सगळ्यांच्या हातांकडे पाहत वाजवत होते, आधी असं ते कधी करत नसत. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात त्यांचा हात किंचित मागे पडला. झांजवाल्यांचे दोन्ही हात हवेत थांबले. पेटीचा सूर धरलेला राहिला. गाणाऱ्यानं शब्द लांबवला आणि समोर कुठंतरी पाहत राहिला.

बाबांनी ते पाहिलं. हवेत थांबलेल्या त्या झांजांकडे पाहत, त्यांनी हात खाली आणला आणि ठेका दिला.